महादेवरावांच्या रजेचे दिवस

कोची
६ मे २०२५

प्रिय प्रेमिलाताई,

"जे झालं ते लिही वं. जे व्हाले पाहिजे होतं, ते पुस्तकात आहेच."

वीस वर्षांपूर्वी एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला माझ्या वहीवर बोट ठेवून तुम्ही हे म्हणाला होतात. उत्तर पुस्तकाशी जुळावं म्हणून मी एक आकडा खोडून दुसरा लिहिला होता. सरांना ते दिसलं नाही, तुम्हाला दिसलं. तुम्ही रागावला नाहीत, कुणाला सांगितलंही नाहीत. मी मात्र ते वाक्य आजपर्यंत सांभाळून आहे.

मी श्वेता. खापरखेड्याच्या वसाहतीतून बसनं येणारी. वीजकेंद्राची राख माझ्या ओढणीवर असायची आणि लॅबच्या दारातच तुम्ही ती झटकायचात, "काचेवर नको वं पाडू" म्हणत. आठवते का?

बारा वर्षांपासून मी इथे कोचीला आहे. आमची संस्था इतरांनी बनवलेले सौर सेल तपासते. मागच्या आठवड्यात नागपूरची एक फाइल माझ्या टेबलावर आली. पेरोव्स्काइट या नव्या पदार्थाचे सौर सेल, तेही उघड्या खोलीत बनवलेले! इथे आम्ही पिवळं द्रावण काचेवर टाकतो, काच गरगर फिरवतो, नेमक्या सेकंदाला दुसऱ्या द्रवाचा थेंब सोडतो आणि मग काच तापवून काळी करतो. पण हे सगळं हवाबंद पेटीत, रबरी हातमोज्यांतून हात आत घालून. कारण हवा जरा बदलली की सेल बिघडतो. असली पेटी नसताना सेल बनवणारं हे कोण, म्हणून शेवटचं पान उघडलं, तर तिथे लिहिलेलं: "पद्धत लिहिणारी – प्रेमिला, प्रयोगशाळा सहायक." मी खुर्चीतून उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले.

तुम्हाला ठाऊकच असेल, तुमच्या कागदावरून मला इथे चाळीस सेल बनवायचे आहेत. तीस पास झाले तर पद्धत भरवशाची ठरेल. दोन संधी आहेत, मुदत ३१ ऑगस्ट. ईमेल अहवालासाठी आहेच. तुम्हाला मात्र पत्रच लिहावंसं वाटलं. इथे मराठीत बोलायला कुणी नाही.

तुमची विद्यार्थिनी,
श्वेता


नागपूर
१५ मे २०२५

प्रिय श्वेता,

तुझं पत्र आमचे शिपाई महादेवराव घेऊन आले. "मॅडम, केरळातून चिठ्ठी आली. कोन हाय तुमचं तिकडं?" म्हटलं, पोरगी आहे एक. तेव्हापासून त्यांनी साऱ्या कॉलेजात सांगितलं, की प्रेमिला मॅडमची पोरगी केरळात राहते. आता निस्तर.

राख आठवते. तू आठवतेस. खोडलेला आकडासुद्धा आठवतो, तो ०.४७ होता.

आम्ही पेटीची दोन वर्षं वाट पाहिली. ती काही आली नाही. मग या प्रकल्पाचे प्रमुख धम्मानंद सर एक दिवस म्हणाले, "ताई, लोकांच्या छतावर कुठे पेटी राहते? उघड्यावर करून पाहू." सर माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहेत, पण असं काही बोलतात की उठून कामाला लागावंसं वाटतं. पहिले दीडशे सेल वाया गेले. मग चांगले यायला लागले.

माझी एक सवय आहे. सकाळी नऊला कुलूप उघडलं की पर्स ठेवायच्या आधी भिंतीवरचा दमटपणाचा काटा बघायचा आणि वहीच्या पानावर सगळ्यांत वर लिहायचा. या उन्हाळ्यात तो वीस ते चोवीस टक्क्यांत आहे. म्हणून कागदात बावीस लिहिलं आहे. दुपारी पारा खोलीत छत्तीसवर जातो. कूलरमध्ये पाणी भरताना महादेवराव रोज कुरकुरतात, आणि मी रोज ऐकून घेते.

नमुन्याचे पाच सेल स्टीलच्या डब्यात पाठवते आहे. खाली ओल शोषणाऱ्या ज्या पुड्या आहेत त्या औषधाच्या बाटल्यांतून जमवलेल्या आहेत, टाकून देऊ नकोस. डबा परत पाठव आणि रिकामा पाठवू नकोस, म्हणजे झालं.

एक सांगून ठेवते. मी ३० सप्टेंबरला रिटायर होते. चाचणी पास झाली तर पैसे देणारी समिती सरांना पुढची तीन वर्षं मंजूर करील आणि ही खोली राहील. नाही झाली तर परीक्षा विभागाला उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायला ही खोली हवीच आहे. त्यांचा माणूस येऊन टेप लावून भिंती मोजून गेला. माझ्या टेबलाच्या जागी रॅक येणार म्हणे. मी त्याला पाणी दिलं. पण मला ते बरं वाटलं नाही.

प्रेमिला


कोची
३१ मे २०२५

प्रिय प्रेमिलाताई,

डबा मिळाला. परत पाठवते आहे, केळ्याचे वेफर्स भरून. महादेवरावांनाही द्या.

तुमचे पाचही सेल पास झाले. एकेक उचलून उजेडासमोर धरला. इतकं एकसारखं काळेपण मी हवाबंद पेटीतल्या सेलमध्येही क्वचित बघितलं आहे. माझ्या इथल्या सहकारी काजल, गोंदियाच्याच आहेत, पण घरी हिंदी बोलतात, त्या म्हणाल्या, "ये हाथ से किया है?" मी म्हटलं, ज्या हातांनी केलंय त्यांनी मला पिपेट धरायला शिकवलं. मला उगीचच माझंच कौतुक झाल्यासारखं वाटलं.

मी चाळीस केले. इथे बाहेरची हवा इतकी दमट आहे की वह्यांची पानं मऊ पडतात. म्हणून एका छोट्या खोलीत हवा कोरडी करायचं यंत्र लावून काटा बरोबर बावीसवर आणला. काही सेल बरे आले, काही नाही आले. हात बसतोय. काळजी करू नका.

श्वेता


नागपूर
९ जून २०२५

श्वेता,

वेफर्स मिळाले. महादेवरावांनी अर्धे माझ्यासमोर आणि अर्धे माझ्यामागे खाल्ले.

काही म्हणजे किती?

मी तीस वर्षं पोरींच्या वह्या तपासल्या आहेत. जी पोरगी "काही" लिहिते, तिच्याकडे आकडा असतो आणि तो वाईट असतो. मला काळजी करू नका सांगून राहिली आहेस, म्हणजे फारच वाईट असेल.

आकडा लिही. आणि सेल कसे दिसतात ते लिही. पिवळे पडले, की करडे, की बारीक भोकं आहेत?

प्रेमिला


कोची
१६ जून २०२५

प्रिय प्रेमिलाताई,

चाळीसपैकी चार.

पिवळे नाहीत. करडे आहेत आणि उजेडाला धरले की पीठ चाळायच्या चाळणीसारखी बारीक भोकं दिसतात. मी तुमचा कागद ओळीनं पाळला. बावीस टक्के, छत्तीस अंश, चौदाव्या सेकंदाला थेंब. दोष माझ्या हातात असणार. तुमचे सेल इथे माझ्यासमोर आहेत आणि ते पास आहेत, मग दुसरं काय असेल?

तुम्हाला आकडा लिहायला हात धजत नव्हता. तुमच्या टेबलाच्या जागी रॅक येण्याचं कारण मी व्हावं, हे सहन होत नाही.

एक विचार मनात आला, तोही सांगते. नागपूरहून आलेली रसायनं प्रवासात बिघडली असावीत असं मी अहवालात लिहू शकते. तसं घडतंही. मग ही फेरी धरली जाणार नाही आणि तुमच्या दोन्ही संधी शाबूत राहतील. कुणाला शंका येणार नाही. तुम्ही हो म्हणालात तर लिहिते.

श्वेता


नागपूर
१२ जुलै २०२५

प्रिय श्वेता,

उत्तराला महिना लागला. रागावले नव्हते. शोधत होते.

रसायनं बिघडली असं लिहू नकोस. ती बिघडली नव्हती. तुझे हातही नाहीत. चूक माझी आहे, आणि ती मला महादेवरावांच्या भाचीच्या लग्नातल्या बुंदीमुळे सापडली.

करडे आणि भोकांचे, असं तू लिहिलंस. वाचल्याबरोबर वाटलं, हे मी पाहिलं आहे. उन्हाळ्यात आमचेही मधूनच एखाद्या दिवशी सगळेच्या सगळे सेल असे यायचे. "द्रावण जुने" असं लिहून मी पान उलटायची. आता दोन उन्हाळ्यांच्या वह्या काढल्या. असे अकरा दिवस निघाले. द्रावणाची तारीख पाहिली, तर अकरापैकी सात दिवस ते ताजं होतं. म्हणजे मी जे झालं ते लिहिलं नव्हतं, अंदाज लिहिला होता. लाज वाटली, श्वेता. जेवण गेलं नाही दोन दिवस.

त्यातल्या एका वाईट दिवसाच्या पुढच्या पानावर तुपाचा डाग होता. बुंदीचा. महादेवराव काटोलहून भाचीचं लग्न आटोपून आले तेव्हा बुंदी घेऊन आले होते आणि मी ती वही उघडी ठेवूनच खाल्ली होती. म्हणजे डागाच्या आदल्या दिवशी ते रजेवर होते. मी उठले आणि ऑफिसातून हजेरीचं मस्टर मागून आणलं. अकराच्या अकरा दिवस महादेवराव रजेवर!

मी मस्टर वहीशी लावून बसले होते, तेवढ्यात ते स्वतःच मागे येऊन उभे राहिले.

"मॅडम, माह्या रजा काहून मोजून राहिल्या?"

"तुम्ही नसता तेव्हा सेल बिघडतात, महादेवराव."

"हे पाहा, मी त्या काचेले हात नाही लावत. झाडूबी दूरून मारतो. माह्यावर आळ नका घेऊ."

"आळ नाही हो. तुम्ही असता तेव्हा असं काय करता, जे तुम्ही नसताना कोणी करत नाही?"

"काय करतो? चाय आणतो. फाइल नेतो. अन् तुमच्या त्या कूलरात अकरा वाजता बारा बाल्ट्या पानी भरतो. माह्यामागं कोनी भरते का? कोरडाच फिरवता तुम्ही लोक!"

मी हातातलं मस्टर खाली ठेवलं. मग ते हळूच म्हणाले, "पान्याचंच हाय का मॅडम?"

पाण्याचंच होतं. मी काटा नऊ वाजता लिहायची. कूलर अकराला सुरू व्हायचा. सेल बाराच्या पुढे बनायचे, तोवर ओल्या हवेनं काटा चाळीसच्या वर गेलेला असणार. नागपुरात उन्हाळ्यात कूलर नसलेली खोली कोणी पाहिली आहे? तो पंख्यासारखा, भिंतीसारखा असतोच. यंत्रांच्या यादीत मी पिपेटची टोकंसुद्धा लिहिली, कूलर लिहिला नाही.

आता पावसाळा लागला म्हणून कूलर काढून ठेवले आहेत. म्हणून सरांनी आणि मी एक मोठी काचेची पेटी केली, सुकवायच्या पुड्या घालून हवा बावीसवर आणली. सेल करडे, भोकांचे, अगदी तुझ्यासारखे. मग त्याच पेटीत ओला कपडा ठेवून बेचाळीसवर आणली. काळे, सुंदर. सहा वेळा आलटून पालटून केलं. थोडा दमटपणा या थराचे कण मोठे करतो, जास्त झाला की मारतो. त्या दोघांमधली जागा महादेवराव रोज बादलीनं भरत होते. आणि तू, बिचारी, यंत्र लावून ती जागा सुकवत बसली होतीस.

सरांनी दोन्ही काचा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. मग म्हणाले, "ताई, समितीला हे कळवलं तर ते म्हणतील, पद्धत लिहिणाऱ्यालाच आपली पद्धत माहीत नव्हती."

मी म्हटलं, खरंच आहे ते, सर. कळवून टाका.

त्यांनी त्याच दिवशी कळवलं. पहिली फेरी नापास म्हणून धरावी, असंही कळवलं. उत्तराची वाट पाहते आहे.

प्रेमिला


कोची
२० जुलै २०२५

प्रिय प्रेमिलाताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा काजलना हिंदीत सांगत सांगत. मस्टरपाशी त्या इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले, आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणाल्या, "मैं तो वो रजिस्टर छुपा देती."

मीही लपवलं असतं का? मी तुम्हाला रसायनांचं खोटं सुचवलं होतंच. ते पत्र परत मागावंसं वाटतं. आमच्या क्षेत्रात माणसं सगळ्यांत चांगला आलेला सेल दाखवतात आणि बाकीच्यांबद्दल बोलत नाहीत. तुम्ही बाकीच्यांचीच वही उघडून बसलात. निवृत्तीला अडीच महिने उरले असताना, खोली जायची वेळ आलेली असताना. मी इतकी वर्षं इतरांचं काम तपासते, पण स्वतःचं काम असं तपासणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं. म्हणजे पूर्वीच भेटलं होतं, मला ते कळायला वीस वर्षं लागली.

मी बेचाळीसवर सराव सुरू केला आहे. काल सहापैकी चार काळे आले. पण थेंबाचा सेकंद जमत नाही. माझी खोली सव्वीस अंशांच्या वर जात नाही.

श्वेता


नागपूर
३ ऑगस्ट २०२५

प्रिय श्वेता,

समितीचं उत्तर आलं. सुधारलेल्या कागदावर दुसरी फेरी करता येईल. हीच शेवटची. यापुढे कागदात काहीही बदल करायचा तर पद्धत लिहिणाऱ्याची सही लागेल. म्हणजे माझी. सर म्हणाले, "ताई, आता तुम्हीच मालक."

थेंबासाठी घड्याळ बघू नकोस. सेकंद लिहिणं हीसुद्धा चूकच होती, तो छत्तीस अंशांचा सेकंद होता. फिरणाऱ्या काचेकडे बघ. आधी ती आरशासारखी चकाकते. मग मधोमध किंचित वाफ धरल्यासारखी होते, थंड पाण्याच्या पेल्यावर धरते तशी. ती वाफ दिसली की उशीर झाला. त्याच्या एक श्वास आधी थेंब सोड. तुझ्याकडे तो एकविसाव्या-बाविसाव्या सेकंदाला येईल, पण तू बघूनच सोड. पन्नास-साठ काचा वाया घालव, मग डोळ्याला कळेल.

महादेवराव आता दर तासाला काटा वाचून वहीत लिहितात आणि खाली सही करतात. काल परीक्षा विभागाचा माणूस पुन्हा आला, तर त्याला म्हणाले, "सध्या प्रयोग चालू हाय. हवा हलवू नका." तो खरंच दारातच थांबला.

प्रेमिला


कोची
२५ ऑगस्ट २०२५

प्रिय प्रेमिलाताई,

दुसरी फेरी आज संपली.

आठ दिवस, रोज पाच सेल. बाहेर हवा कधी पंच्याऐंशी टक्के तर कधी चौऱ्याण्णव. खोलीत मी ती बेचाळीसच्या आसपास धरली आणि प्रत्येक काचेच्या वेळी काटा पुन्हा लिहिला. घड्याळ काढून टेबलाच्या खणात टाकलं होतं. तिसऱ्या दिवशी मला ती वाफ यायच्या आधीचा क्षण दिसला. सांगता येत नाही कसा. काच आपल्याशी काही बोलणार आहे आणि अजून बोललेली नाही, असा तो क्षण होता. माझे डोळे भरून आले आणि त्या नादात एक काच हुकली. ती नापास झाली, तिची नोंदही केली आहे.

आता आकडा. तुम्ही विचारायच्या आधी लिहिते.

एकोणतीस पास. दहा नापास. एक तुटला.

तुटलेला आजचा होता, शेवटून दुसरा. सुरेख काळा आला होता. माप घ्यायला चिमट्यात बसवताना मी स्क्रू गरजेपेक्षा जास्त आवळला आणि काच तिरकी चिरली. दोष पूर्ण माझा आहे, सेलचा नाही. उरलेल्या अर्ध्याचं माप घेतलं. अर्ध्या सेलनं जेवढी वीज द्यायला हवी, तेवढी तो देतो. बरोबर तेवढी. काजलनीही मोजून बघितलं.

पण तुमच्या सुधारलेल्या कागदाचं शेवटचं कलम, जे तुम्ही स्वतःहून घातलंत आणि समितीनं मागितलंही नव्हतं, ते असं आहे: "माप घेण्याआधी काच तुटल्यास तो सेल नापास धरावा. हात हाही पद्धतीचाच भाग आहे." मी ते वाक्य आज बहुधा शंभर वेळा वाचलं. इतर कुठल्याही संस्थेच्या कागदात असं कलम मी पाहिलेलं नाही. बहुतेक जण तुटलेला सेल मोजतच नाहीत, दुसरा बनवतात.

ताई, जे लिहिते ते मनापासून. समिती काहीही ठरवो, तुमची पद्धत खरी आहे. कोचीच्या ऑगस्टमध्ये, तुमच्यापासून दीड हजार किलोमीटरवर, तुमचा हात न लागता, फक्त तुमच्या शब्दांवरून एकोणतीस सेल उभे राहिले. मी बारा वर्षांत अनेक मोठ्या नावांच्या पद्धती तपासल्या, त्यातल्या निम्म्या दुसऱ्या खोलीतसुद्धा चालल्या नाहीत. अहवालात हे सगळं लिहीन, कारण ते झालं आहे. पण समितीचं माणूस शेवटच्या ओळीतला आकडा बघतं. तीसला खोली राहते. एकोणतीसला उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येतात.

सोबत एक कागद जोडला आहे. त्यावर एकच ओळ आहे: तपासणाऱ्याच्या हातून तुटलेल्या काचेला शेवटचं कलम लागू नाही, उरलेल्या भागाचं माप धरावं. यात खोटं काही नाही. अर्धा सेल माझ्या टेबलावर आहे, कुणीही येऊन मोजावा. फक्त कलम तुमचं असल्यामुळे ते सैल करायचा अधिकारही तुमचाच आहे.

हा कागद हातात घेतल्यावर तुम्ही काय कराल, हे मला इथून दिसतं. चष्मा काढाल, पुसाल, पुन्हा लावाल, आणि कागदाची घडी घालून माझ्याच पाकिटात परत ठेवाल. तुम्ही तसं केलं नाहीत तर मला आनंद होईल की थोडं वाईट वाटेल, हेही मला नीट कळत नाही. पण न विचारता एकोणतीस पाठवून दिले, तर ती रुखरुख मला जन्मभर राहील. हे पत्र आजच कुरियरनं धाडते आहे, उत्तर ईमेलनं कळवा; अहवाल ३१ तारखेच्या संध्याकाळपर्यंत थांबवते.

म्हणून एकदाच विचारते. ताई, या कागदावर सही कराल का?

तुमची,
श्वेता